कायदा म्हणतो, तुम्हीच लिहा

भोसरी, अंबड, वाळूज, बुटीबोरी. कोणत्याही एमआयडीसीतल्या बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात शिरा. सिक्युरिटीच्या केबिनशेजारी भिंतीवर एक चौकट टांगलेली असते. काचेआड एक पान, वर ‘आरोग्य व सुरक्षा धोरण’ हा मथळा, खाली पाच-सहा वाक्यं आणि संचालकाची सही. शेकडो माणसं रोज तिच्यासमोर पंचिंग करून आत जातात. थांबून वाचणारा विरळाच.

न वाचणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण त्या पानावर वाचण्याजोगं बहुधा काही नसतंच. पण ते पान तिथे आलं कसं आणि ते मनापासून लिहायचं तर काय काय करावं लागतं, हे शोधू लागलं की माणूस चक्रावतो. वाट वेल्समधल्या कोळशाच्या एका ढिगाऱ्यापाशी जाते, तिथून लंडनला, मग भोपाळला आणि शेवटी तुमच्या-आमच्या गावाबाहेरच्या शेडमध्ये. वाटेत कायद्याच्या इतिहासातली एक धाडसी कल्पना भेटते.

सहा मीटर आणि एक कोरं पान

नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेला १९४८चा कारखाने अधिनियम चाळून पाहा. त्याचा बारीकपणा थक्क करणारा आहे. पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी, संडास, पिकदाणी किंवा उघड्या गटारापासून सहा मीटरच्या आत असता कामा नये. त्या जागेवर ‘पिण्याचे पाणी’ ही अक्षरं बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत हवीत. दर कामगारामागे १४.२ घनमीटर मोकळी जागा हवी. ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही. म्हणजे छप्पर उंच बांधून हिशेब जुळवायची सोय नाही. भिंतींना चुन्याची सफेदी असेल, तर ती १४ महिन्यांतून एकदा तरी पुन्हा द्यायची.

इतकं सगळं स्वतः ठरवणारा हा कायदा कलम ७अ मध्ये मात्र अचानक लेखणी मालकाच्या हातात देतो. कामगारांच्या आरोग्याबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल आपलं धोरण काय, ते भोगवटादाराने, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्याने, लेखी मांडावं. ते राबवण्यासाठी कोणती माणसं आणि कोणती व्यवस्था आहे, ते सांगावं. गरज पडेल तसं ते सुधारावं. आणि ते प्रत्येक कामगाराच्या नजरेस आणावं. कोणत्या विषयांना हात घालायचा, याची यादी राज्यांच्या नियमांत मिळते. वाक्यं मात्र ज्याची त्याने लिहायची.

यातलं नवल जरा थांबून पाहण्यासारखं आहे. सरकार सहसा सांगतं: हे करा, ते करू नका. इथे ते म्हणतं: तुमच्या छपराखाली माणसाचा जीव कशाने जाऊ शकतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेव्हा तो जाऊ नये म्हणून तुम्ही काय करणार, ते तुम्हीच लिहा, खाली सही करा आणि सगळ्यांना दाखवा. नंतर आम्ही तुम्हाला तुमच्याच शब्दांवरून जोखू.

ही युक्ती सुचायला पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

चुना, कुंपण आणि नियमांचा डोंगर

ब्रिटनमधला पहिला कारखाना-कायदा १८०२चा. तो मांडला रॉबर्ट पील या स्वतः गिरणीमालक असलेल्या खासदाराने. गिरणीतल्या खोल्यांना वर्षातून दोनदा चुना लावा, हवेसाठी पुरेशा खिडक्या ठेवा, उमेदवार पोरांना कपडे द्या, अशी त्याची कलमं होती. आणि या कायद्याची प्रत गिरणीत दोन ठळक जागी टांगून ठेवा, असंही त्यात होतं. फाटकावरच्या आपल्या चौकटीचा हा खापरपणजोबा. फरक एवढाच की तेव्हा भिंतीवर सरकारचे शब्द टांगायचे होते.

मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेला पहिला कायदा १८८१चा. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांपुरता तो होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळी ही सुधारणा होती.

पुढे सगळीकडे कायदा एकाच रीतीने वाढत गेला. आधी अपघात, मग चौकशी, मग नवा नियम. बॉयलर फुटला की बॉयलरचा नियम, पट्ट्यात हात गेला की पट्ट्याचा. प्रत्येक नियम खरा, प्रत्येकामागे कोणाचा तरी जीव. पण बेरीज काय झाली? १९७० साली ब्रिटिश सरकारने या पसाऱ्याची तपासणी करायला समिती नेमली, तेव्हा मुख्य कायद्यांचे नऊ गट आणि त्यांच्या खाली जवळपास ५०० नियमावल्या साचलेल्या होत्या. कारखान्याचा निरीक्षक वेगळा, खाणीचा वेगळा, शेतीचा वेगळा. जो धोका अजून कोणत्याही नियमात लिहिला गेला नव्हता, तो जणू अस्तित्वातच नव्हता.

ज्या ढिगाऱ्याला धोरण नव्हतं

त्या समितीचे अध्यक्ष होते लॉर्ड रॉबेन्स. ते ब्रिटनच्या सरकारी कोळसा मंडळाचेही अध्यक्ष होते, आणि इथे गोष्ट विचित्र वळण घेते.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. वेल्समधल्या ॲबरफॅन या खाणगावात सकाळी सव्वानऊच्या सुमारास मुलं शाळेत नुकतीच बसली होती. गावाच्या डोक्यावर, डोंगरउतारावर, खाणीतून निघालेल्या टाकाऊ मालाचे ढिगारे होते. त्यातला सातव्या क्रमांकाचा ढीग चक्क एका झऱ्यावर रचला होता. पाण्याने भिजून तो सुटला आणि काळ्या चिखलाचा लोंढा पँटग्लास शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं.

चौकशी न्यायाधिकरण ७६ दिवस बसलं. खाणीच्या आत काय करावं, याचे नियम भरपूर होते. खाणीच्या बाहेर काढलेला माल कुठे आणि कसा टाकायचा, याबद्दल मात्र कायदा गप्प होता. आणि कायदा गप्प म्हणून मंडळही गप्प होतं. न्यायाधिकरणाने जो निष्कर्ष काढला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने खिळवून ठेवणारा आहे: ढिगाऱ्यांबद्दल मंडळाकडे कोणतंही धोरण नव्हतं, आणि हेच या दुर्घटनेचं मूळ कारण.

एरवी अशा अहवालात निसटलेला बोल्ट सापडतो, झोपलेला पहारेकरी सापडतो. इथे मूळ कारण म्हणून सापडलं ते न लिहिलेलं पान. मोठमोठ्या इंजिनिअरांनी भरलेल्या त्या संस्थेत ‘ढीग रचण्याआधी खाली पाणी आहे का, हे अमुक माणसाने पाहावं’ एवढं ठरवणं हे कोणाचंच काम नव्हतं.

ज्या मंडळाकडे धोरण नव्हतं, त्याच मंडळाच्या माजी अध्यक्षाच्या समितीने १९७२ साली अहवाल दिला. त्याचं सार असं: कायदे फार झालेत. लोक यंत्राकडे पाहण्याऐवजी नियमपुस्तकाकडे पाहू लागलेत. धोका निर्माण करणारे आणि त्या धोक्यासोबत काम करणारे यांनीच मुख्य जबाबदारी उचलायला हवी. रॉबेन्स यांच्यावर ॲबरफॅनबद्दल कडक टीका झाली होती, पुढेही होत राहिली. त्यांच्या समितीची ही कल्पना मात्र टिकली. १९७४च्या ब्रिटिश कायद्यात कलम २(३) आलं: प्रत्येक मालकाने आपलं सुरक्षा धोरण लिहावं. पुढे पाचपेक्षा कमी माणसं कामावर असणाऱ्यांना लिहिण्यातून सूट मिळाली. जबाबदारीतून कोणालाच नाही.

टाकी क्रमांक ६१०

आपल्या कलम ७अ(३)ची वाक्यरचना या ब्रिटिश कलमाशी जवळजवळ शब्दशः जुळते. ती भारतात आली १९८७च्या दुरुस्तीने, आणि तिला आणणारी घटना सांगायची गरजच नाही.

२ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. त्या कारखान्यात सुरक्षेची साधनं नव्हती, असं नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती. ती काही महिने आधी बंद केलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर होता. तो चालू स्थितीत नव्हता. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता. पाइप बदलायचा म्हणून तो जोडणीबाहेर होता. आणि भिंतीपलीकडच्या वस्तीला आत काय साठवलंय, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. इस्पितळात माणसांची रीघ लागली, तेव्हा डॉक्टरांनाही आपण कोणत्या विषाशी झुंजतोय ते ठाऊक नव्हतं.

म्हणून १९८७ची दुरुस्ती तीन दिशांनी लिहिलेली दिसते. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने आपले धोके कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेला कळवायचे. सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असायचे. आणि जिवाला तातडीचा धोका दिसला, तर तो वरिष्ठांच्या कानावर घालायचा आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचा हक्क कामगाराला द्यायचा.

त्याच दुरुस्तीने आणखी एक बारीक काम केलं: कंपनीच्या बाबतीत भोगवटादार म्हणजे संचालकांपैकीच एक. त्याआधी एखाद्या मॅनेजरला कागदावर भोगवटादार करून टाकायची वाट होती; अपघात झाला की खटल्याला तो उभा राही. कंपन्यांनी या बदलाला आव्हान दिलं. १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. चौकटीतल्या पानावर खाली संचालकाची सही दिसते, तिच्यात हा इतिहास आहे. ज्याच्या हातात पैसा खर्च करण्याचा अधिकार, त्याचीच सही.

जीव आणि खर्च यांचा तराजू

पण लिहिणाऱ्याने वचन द्यायचं तरी किती? ‘आमच्याकडे कधीही अपघात होणार नाही’ असं लिहिणारा थापा मारतोय. ‘जमेल तेवढं करू’ लिहिणारा काहीच बोलत नाहीये. कायद्याने मधला शब्दप्रयोग निवडला आहे: वाजवीपणे शक्य असेल तिथवर.

हा शब्दप्रयोग पळवाट वाटतो. त्याचा अर्थ मात्र १९४९ सालीच एका इंग्लिश न्यायालयाने चांगला कडक करून ठेवला आहे. एडवर्ड्स नावाचा खाणकामगार खाणीतल्या वाटेची बाजू ढासळून मेला होता. तिथे आधार दिलेला नव्हता. खटला याच कोळसा मंडळावर. सगळ्या वाटांना आधार देणं परवडणारं नाही, हा बचाव. लॉर्ड जस्टिस अॅस्क्विथ यांनी सांगितलेली कसोटी अशी: एका पारड्यात धोका ठेवा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. दोन्ही पारडी सारखी दिसली, तर धोका टाळायचाच. खर्चाचं पारडं धोक्यापेक्षा अतोनात जड असेल, तेव्हाच मालक सुटतो. आणि हा हिशेब अपघात होण्याआधी करायचा, नंतर वकिलाकडे बसून नाही.

सुरक्षा धोरण लिहिणं म्हणजे शेवटी हाच हिशेब आगाऊ करून चारचौघांत मांडणं.

पान लिहायला बसू

धरून चाला, भोसरीत एक प्रेस शॉप आहे. आठ पॉवर प्रेस, चाळीस माणसं, दोन पाळ्या. पत्रा डायमध्ये सरकवायचा, पॅडल मारायचं, वरचा भाग खाली येतो, जॉब कापून निघतो, हाताने काढायचा. असं दिवसभर. धोका कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसेल: बोटं.

धोरणाचे तीन भाग असतात. पहिल्यात इरादा, दुसऱ्यात माणसं, तिसऱ्यात व्यवस्था. इरादा एका परिच्छेदात संपतो. तिथे रेंगाळण्याचं कारण नाही. खरी गंमत तिसऱ्या भागात आहे.

बोटं वाचवायचे उपाय जगभर एका उतरंडीत मांडतात. सगळ्यात वर: धोकाच काढून टाका. मग: त्याच्या जागी कमी धोक्याचं काही आणा. मग: यंत्र आणि माणूस यांच्या मध्ये काहीतरी आडवं घाला. मग: नियम, प्रशिक्षण, पाट्या. सगळ्यात खाली: हातमोजे, हेल्मेट, गॉगल. वरचे उपाय माणसाच्या सावधपणावर विसंबत नाहीत, खालचे पूर्णपणे त्याच्यावरच विसंबतात. आणि बाराव्या तासाला माणूस सावध नसतो.

ही उतरंड कागदावर मांडली जाण्याच्या खूप आधी अमेरिकेत ड्यू पाँ कुटुंबाने ती दगडात बांधली होती. १८०२ साली ब्रँडीवाइन नदीकाठी त्यांनी बंदुकीच्या दारूचे कारखाने उभारायला घेतले. दारू कधी ना कधी उडणारच, हे गृहीत धरून त्यांनी प्रत्येक इमारतीच्या तीन भिंती जाडजूड दगडाच्या बांधल्या. नदीकडची चौथी बाजू आणि छप्पर मुद्दाम हलक्या लाकडाचं ठेवलं. स्फोट झाला की त्याचा जोर नदीकडे निघून जावा आणि शेजारची इमारत वाचावी. मालकाचं घरही त्याच आवारात, कारखान्यांच्या डोक्यावर. तरीही १८१८च्या स्फोटात ३४ माणसं गेली. भिंतींनी धोका संपला नाही, पण तिथे कोणीतरी आधी विचार केला होता, हे त्या भिंती आजही दाखवतात.

आता आपल्या प्रेसकडे. वरून सुरुवात करू. हात डायमध्ये घालावाच लागू नये, असं फीडिंग करता येईल का? काही जॉबना येईल. बाकीच्यांसाठी लाइट कर्टन लावू: अदृश्य किरणांचा पडदा, हात आडवा आला की प्रेस थांबतो. पण तो डायपासून किती अंतरावर लावायचा? यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात एक सूत्र आहे आणि त्यात माणसाच्या हाताचा वेग दिलेला आहे: सेकंदाला दोन मीटर. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असेल. म्हणजे पडदा किमान तितका अलीकडे हवा, आणि किरणांमधल्या फटीनुसार त्यात आणखी भर. पंधरा सेंटिमीटरवर लावलेला पडदा दिसतो झकास, पण प्रेस थांबेपर्यंत बोटं डायखाली गेलेली असतात.

इथे आणखी एक मेख आहे. जुन्या पद्धतीच्या की-क्लचच्या प्रेसला एकदा क्लच लागला की तो पूर्ण फेरा केल्याशिवाय थांबतच नाही. त्याच्यापुढे जगातला सर्वात महागडा लाइट कर्टन निरुपयोगी. तिथे हात आत जाणारच नाही असा जाळीचा गार्डच हवा. तेव्हा ‘सर्व प्रेसना लाइट कर्टन बसवण्यात येतील’ हे वाक्य आठांपैकी तीन प्रेस जुने असतील, तर त्या तिघांपुरतं घातक ठरतं. धोरण लिहिणाऱ्याला शेडमध्ये जाऊन प्रत्येक प्रेसचा क्लच पाहावा लागतो, तो यासाठी.

मग येतो दुसरा भाग, माणसांचा. ‘गार्डची वेळोवेळी तपासणी केली जाईल’ हे वाक्य कानाला भारदस्त वाटतं, पण तपासणी करणार कोण? ‘केली जाईल’ या रचनेत कर्ता गायब आहे, आणि कर्ता गायब असलेलं काम शेडमध्येही गायबच राहतं. त्याऐवजी: ‘पाळी सुरू होताना डाय सेटर प्रत्येक प्रेसचा गार्ड तपासेल आणि रजिस्टरमध्ये सही करेल. गार्ड सैल आढळला, तर प्रेस बंद ठेवण्याचा अधिकार त्याला आहे. त्या दिवशीचं टार्गेट कमी भरलं तरी त्याला जाब विचारला जाणार नाही.’ शेवटचा अर्धा भाग सगळ्यात मोलाचा. गार्ड काढून प्रेस का चालवतात? तसं केलं की जॉब लवकर निघतो म्हणून. टार्गेटबद्दल मौन पाळणारं धोरण गार्डबद्दल कितीही बोललं, तरी ऑपरेटरला खरा हुकूम कोणता ते बरोबर कळतं.

आखातातले वॉलरस

एवढी मेहनत टाळायचा सोपा मार्ग म्हणजे कोणाचं तरी धोरण उतरवून घेणं. बाजारात अशी धोरणं लग्नपत्रिकेसारखी मिळतात: मजकूर ठरलेला, नावं बदलायची. त्याचं काय होतं, याचा सगळ्यात अफलातून नमुना मोठ्या कंपनीकडून मिळाला आहे.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाला, ११ माणसं गेली आणि समुद्रात तेल पसरू लागलं. तेव्हा ती विहीर खोदून घेणाऱ्या बीपी कंपनीचा आपत्कालीन आराखडा लोकांनी उघडून पाहिला. तेलगळतीपासून जपायच्या प्राण्यांमध्ये त्यात वॉलरसचं नाव होतं. वॉलरस उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात राहतो. मेक्सिकोच्या उबदार आखातात तो कधी फिरकत नाही. ज्यांच्याशी संपर्क साधायचा, त्या तज्ज्ञांमध्ये एक प्राध्यापक असे होते जे काही वर्षांपूर्वीच वारले होते. शेकडो पानांचा तो आराखडा मंजूरही झालेला होता. लिहिणाऱ्याने आपला समुद्र पाहिला नव्हता आणि मंजूर करणाऱ्याने आराखडा वाचला नव्हता.

पण खरा, नीट लिहिलेला कागदसुद्धा चुकीच्या जागी असला तर मारतो. ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या तोंडावर तात्पुरतं झाकण बसवलं होतं. त्याचं परमिट रीतसर भरलेलं होतं. संध्याकाळी पाळी बदलली. रात्री दुसरा पंप बंद पडला. कंट्रोल रूमने बंद ठेवलेल्या पहिल्या पंपाचं परमिट पाहिलं. त्यात मोठी दुरुस्ती अजून सुरू झाली नसल्याची नोंद होती. व्हॉल्व्हचं परमिट वेगळं होतं, वेगळ्या जागी होतं, ते त्यांच्यासमोर आलंच नाही. पंप चालू केला. वायू निसटला, पेटला, आणि १६७ माणसं गेली. दोन्ही कागद खरे होते. ते एकमेकांना भेटले नाहीत.

म्हणून तिसऱ्या भागात ‘काय करावं’ याच्याइतकंच ‘हे कोणत्या क्षणी कोणाच्या हातात असेल’ हेही लिहावं लागतं. पाळी बदलताना दोघे सेटर प्रेससमोर उभे राहून बोलतील, की रजिस्टर टेबलावर ठेवून पहिला बसला धावेल? हा बारीकसारीक वाटणारा प्रश्न आहे, पण अपघात अशाच फटीतून शिरतात.

खालून लिहिलेलं धोरण

धोरण वरून लिहिलं जातं, हे आपण धरूनच चाललो आहोत. मुंबईच्या गिरणगावात मात्र त्याची उलटी बाजू फार आधी लिहिली गेली. सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुटी मागितली होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती, आणि एक मागणी अशी होती: कामावर जबर दुखापत झाली, तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा, कायमचं अपंगत्व आलं, तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. रविवारची सुटी १८९०मध्ये पदरात पडली. नुकसानभरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ उजाडावं लागलं. ज्यांचे हात यंत्रात जात होते, त्यांनी कायद्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी मजकूर तयार ठेवला होता.

सुरक्षा समितीत कामगार सारख्या संख्येने हवेत, याचं कारण इथे दिसतं. प्रेस बिघडण्याआधी कसा वाजतो, हे संचालकाला माहीत नसतं, ऑपरेटरला असतं. कोणत्या जॉबला गार्ड अडतो, हे ड्रॉइंगमध्ये नसतं. हेल्परच्या तोंडी असतं. धोरणाचा कच्चा मसुदा समितीत वाचून दाखवला, की पहिल्या दहा मिनिटांत निम्मी वाक्यं बदलावी लागतात. बदलावी लागली नाहीत, तर लोक बोलायला घाबरताहेत असं समजावं.

आणि भाषा. १९४८च्या कायद्याचं कलम १०८ सांगत होतं, की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असावी, फाटकाजवळ ठळक जागी असावी, आणि ती स्वच्छ व वाचता येण्याजोगी ठेवावी. काचेवरची धूळ पुसण्याची आठवणही कायद्याने करून दिली होती! आज चाकण-भोसरीच्या शेडमध्ये मराठीबरोबर हिंदी हवी, कुठे ओडियाही. कंत्राटदाराकडून काल आलेला पोरगा बहुसंख्यांत मोजला जात नसेल, पण बोटं त्यालाही दहाच आहेत. ज्याला वाचता येत नाही, त्याला कोणी वाचून आणि यंत्रासमोर करून दाखवायचं, हेही धोरणातच लिहायचं.

२०२० साली संसदेने १३ कामगार-कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली. १९४८चा कारखाने अधिनियम तिच्यात सामावला गेला. कलमांचे क्रमांक बदलले, नियमही बदलत राहतील. पण कोणत्याही कायद्याला तुमच्या तिसऱ्या प्रेसचा क्लच कसा आहे, हे कधीच कळणार नाही. तेवढं पान तुमचंच.

तुमच्या कंपनीत असं पान असेल, तर त्याची परीक्षा सोपी आहे. त्यावरची तारीख पाहा; त्यानंतर नवं यंत्र, नवं रसायन, नवी पाळी आली असेल तर ते शिळं झालंय. कंपनीचं नाव झाकून वाचा. शेजारच्या कारखान्यालाही ते जसंच्या तसं लागू पडत असेल, तर त्यात वॉलरस आहे. आणि मग रात्रपाळीच्या सगळ्यात नव्या हेल्परला विचारा: प्रेस विचित्र वाजायला लागला, तर तू कोणाला सांगशील आणि तो काय करेल? त्याने एक नाव घेतलं आणि एक कृती सांगितली, तर धोरण जिवंत आहे. तो नुसताच तोंडाकडे पाहत राहिला, तर त्याला रागावू नका. मसुदा पुन्हा टेबलावर घ्या, या वेळी त्यालाही शेजारी बसवा, आणि संचालकांना सांगा की नव्या तारखेची सही लागणार आहे.